फॉग लाइट धुक्यासाठी की समोरच्याच्या डोळ्यांसाठी? जाणून घ्या विज्ञान आणि नियम

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी ताम्हिणी, माळशेज, आंबोलीकडे गाड्यांची रांग लागते. हल्ली या रांगेत एक गोष्ट हमखास दिसते: बाइकच्या क्रॅश गार्डवर किंवा जीपच्या बंपरवर बसवलेले दोन झगझगीत पांढरे एलईडी. धुकं असो वा नसो, ते चालूच असतात. समोरून येणाऱ्याला दोन सेकंद काहीच दिसत नाही. ताशी 60 किमी वेगाने दोन सेकंदांत गाडी तब्बल 33 मीटर पुढे जाते. घाटातल्या वळणावर 33 मीटर आंधळेपणाने जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दुकानात आणि ऑनलाइन हे दिवे 'फॉग लाइट' म्हणून विकले जातात. पण यातले बरेचसे फॉग लाइट नसतातच. कसं, ते बघूया.

धुक्यात अप्पर का चालत नाही?

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्पर लाइट लावला की प्रकाश सरळ आणि थोडा वर जातो, या लाखो थेंबांवर आपटतो आणि बराचसा तुमच्याच डोळ्यांकडे परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. लाइट जितका पॉवरफुल, तितकी भिंत जास्त पांढरी.

खरा फॉग लाइट यावर दोन युक्त्या वापरतो. एक, तो खाली, बंपरच्या पातळीवर असतो. दोन, त्याचा प्रकाश रुंद आणि चपटा पसरतो आणि वरच्या बाजूला एकदम कापलेला असतो. याला 'कट-ऑफ' म्हणतात. त्यामुळे डोळ्यांसमोरचं धुकं फारसं उजळत नाही. रस्त्याची कड, पांढरा पट्टा आणि जवळचे खड्डे मात्र दिसतात. लांबचं दाखवणं हे त्याचं कामच नाही.

बाजारातल्या अनेक स्वस्त एलईडीला हा कट-ऑफ नसतो. प्रकाशाचा गोल झोत सगळीकडे जातो. तो दिवा धुक्यात तुम्हाला त्रास देतो आणि स्वच्छ रात्री समोरच्याला.

पिवळा चांगला की पांढरा?

'पिवळा प्रकाश धुकं भेदतो' असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. त्यामुळे ते सगळ्या रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. काही लोकांच्या डोळ्यांना पिवळा कमी खुपतो, एवढंच. फ्रान्समध्ये तर 1993 पर्यंत हेडलाइटही पिवळेच ठेवायची सक्ती होती, ती पुढे उठवली. म्हणजे रंग दुय्यम. झोताचा आकार आणि कोन महत्त्वाचा.

मागचा फॉग लाइट वेगळाच

काही गाड्यांना मागे लाल फॉग लाइट असतो. मागून येणाऱ्याला तुमची गाडी लवकर दिसावी म्हणून तो टेल लाइटपेक्षा खूप प्रखर असतो, जवळजवळ ब्रेक लाइटइतका. म्हणूनच धुकं नसताना तो चालू ठेवला तर तुम्ही ब्रेक कधी मारला हे मागच्याला पटकन कळत नाही. जर्मनीत 50 मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच तो लावता येतो. ब्रिटनमध्ये साधारण 100 मीटरपलीकडचं दिसत नसेल तर फॉग लाइट चालतात, आणि धुकं हटलं की ते बंद करावेच लागतात.

आपल्याकडचा नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106 म्हणतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला हवा. 8 मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. नियम 111 नुसार पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला बंदी आहे. अपवाद फक्त विशेष परिस्थितीत, आरटीओच्या आधीच्या परवानगीने. शिवाय गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग अडतंय कुठे?

नियम आहे, पण तो तपासणार कोण? धुरासाठी पीयूसी वेळोवेळी काढावी लागते. खासगी गाडीच्या लाइटचा कोन मात्र वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. दिवा विकणाऱ्याला कुणी विचारत नाही, बसवणाऱ्यालाही नाही. सापडला तर दंड फक्त चालवणाऱ्याला.

बाइकवाल्यांची तक्रारही खोटी नाही. गावाकडच्या रस्त्यांवर दिवे नसतात आणि कंपनीचा हेडलाइट कमी पडतो. पण समोरचाही झगझगीत दिवा लावून आला की दोघांनाही दिसत नाही. मग दोघंही आणखी मोठा दिवा घेतात. ही स्पर्धा कुणीच जिंकत नाही.

आणि फॉग लाइट कितीही चांगला असला तरी तो ब्रेकचं अंतर कमी करत नाही. ओल्या रस्त्यावर ताशी 60 च्या वेगात, ब्रेक मारायला दीड सेकंद लागला असं धरलं, तर गाडी थांबायला साधारण 50 ते 55 मीटर लागतात. ताशी 40 ला हेच अंतर 30 मीटरच्या आसपास येतं. हवामान विभागाच्या भाषेत 'अति दाट धुकं' म्हणजे 50 मीटरही न दिसणं. आता हिशोब तुम्हीच करा. उत्तरेत यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात कारची वेगमर्यादा 100 वरून 75 वर आणतात, ती याच कारणासाठी.

धुक्यात शिरण्याआधी एवढं करा

- डॅशबोर्डवरची चिन्हं ओळखा: हिरवं म्हणजे पुढचा फॉग लाइट, पिवळसर म्हणजे मागचा, निळं म्हणजे अप्पर.
- डिपर हाताने चालू करा. दिवसाच्या धुक्यात 'ऑटो' लाइट बऱ्याचदा लागतच नाही, आणि बहुतेक गाड्यांत डीआरएलने मागचे दिवे लागत नाहीत.
- चालत्या गाडीत हॅझार्ड लावू नका. तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही.
- नवीन दिवा बसवलाय? रात्री 8 मीटरवर मित्राला उभं करा. त्याने डोळ्यांवर हात धरला, तर दिवा खाली करा किंवा काढून टाका.
- धुकं संपलं की फॉग लाइट बंद.

शेवटचा मुद्दा सगळ्यात सोपा आहे आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. पुढच्या ट्रिपला ग्रुपमध्ये कुणाचा फॉग लाइट विनाकारण चालू दिसला, तर चहाच्या टपरीवर थांबल्यावर त्याला नक्की सांगा.