टीव्ही भिंतीवर लागला, वीजबिल कोण भरणार?

मौदा तालुक्यात एनटीपीसीचा २३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. कोळसा इथे जळतो, राख इथे पडते, वीज दूरवर जाते. आणि याच तालुक्यात काम करताना आम्ही अशी एक शाळा पाहिली की जिथे वर्गात मोठा टीव्ही आहे, पण बिल थकल्यामुळे तो कित्येक दिवस बंद होता. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. कर भरतो शेतकरी, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. दीडशे वर्षे होत आली, हिशेब फारसा बदललेला नाही.

जून २०१५ मध्ये राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू केला आणि गावोगावच्या शाळा 'डिजिटल' होऊ लागल्या. पैसा बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीतून, शिक्षकांच्या खिशातून किंवा कंपन्यांच्या सीएसआर निधीतून आला. फीत कापली, फोटो छापून आले. पण टीव्ही एकदाच घ्यावा लागतो आणि वीजबिल दर महिन्याला येते. इंटरनेटचे रिचार्ज, दुरुस्ती, शिक्षकांचे प्रशिक्षण यासाठी कुणी देणगीदार पुढे येत नाही, कारण त्यात फोटो निघत नाही. वीज तोडलेल्या डिजिटल शाळांच्या बातम्या नंतर राज्यभरातून येत राहिल्या.

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला, पुढे तो बालभारतीच्या पुस्तकांतही आला, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांसोबत वाटून घेतली. पण परितेवाडीत आधी शिक्षक होता, मग कोड आला. आपल्याकडे उलटे चालले आहे. चार वर्गांना दोन शिक्षक, आणि उरलेल्या वर्गांसाठी पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ. शिवाय कोड स्कॅन करायला फोन लागतो, आणि घरातला एकुलता एक फोन मजुरीला गेलेल्या बापाच्या खिशात असतो.

बरे, फोन हाती आला म्हणून अभ्यास होतोच असेही नाही. 'असर' २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ५७ टक्के मुलांनी त्या आठवड्यात स्मार्टफोन शिक्षणासाठी वापरल्याचे सांगितले, तर सोशल मीडियासाठी सुमारे ७६ टक्के मुलांनी.

हा प्रश्न आपला आहे, कारण ज्यांना परवडते त्यांची मुले कधीच कॉन्व्हेंटच्या बसमध्ये बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली ती बौद्ध, आदिवासी, भटक्या आणि गरीब ओबीसी कुटुंबांची मुले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला आपले तरुण शेकड्याने येतात, शाळेच्या पालक सभेला मात्र दोन-चार बायाच दिसतात. हे कटू वाटेल, पण खरे आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. म्हणजे वीजबिल, इंटरनेट, दुरुस्ती यांची तरतूद लेखी मागण्याचा अधिकार आपल्याच आयाबहिणींच्या हातात आहे. कंपनी कायद्यात सीएसआर खर्चासाठी स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगितले आहे. तेव्हा ग्रामसभेत ठराव घेऊन नव्या टीव्हीऐवजी छतावर सौर पॅनेल आणि पाच वर्षांचा देखभाल खर्च मागता येतो.

समितीचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, टीव्ही महिन्यातून किती तास चालतो, बिल कोणत्या निधीतून भरले जाते, हे प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी या महिन्यात शाळेत जाऊन विचारावे. आणि संध्याकाळी विहाराचे दार उघडे ठेवून एका पदवीधराने दहा मुलांना एकाच फोनवर धडा दाखवायचा ठरवले, तर त्यासाठी कुणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.