प्रबळमाचीवरची कॉफी
पनवेलहून दुचाकीने निघून ठाकूरवाडीत गाडी उभी करणाऱ्या आणि तिथून पायी प्रबळगडाखालच्या प्रबळमाचीवर मुक्कामाला जाणाऱ्या प्रवाशाच्या कॉफीचे भवितव्य बरेचसे घरीच ठरते, कारण भाजलेल्या बियांची पूड झाली की हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, सुगंधी द्रव्ये उडू लागतात आणि उरलेसुरले कोकणातील दमट हवा पार पाडते. म्हणून बिया घट्ट झाकणाच्या डब्यात अखंड न्याव्यात आणि लहान हातचक्कीवर आयत्या वेळी दळाव्यात. उत्कलनबिंदूची, म्हणजे पाणी ज्या तापमानाला उकळते त्याची, चिंता मात्र इथे व्यर्थ आहे: तो दर ३०० मीटर उंचीमागे साधारण १ अंश सेल्सिअसने उतरत असल्याने सुमारे ७०० मीटर उंचीच्या प्रबळगडाच्या माथ्यावरही पाणी ९७-९८ अंशांना उकळते, आणि निष्कर्षणाला, अर्थात पुडीतील स्वाद पाण्यात उतरायला, ९० ते ९६ अंश पुरतात. खरा शत्रू वारा. त्याला आडोसा करावाच, पण गॅसचा डबा बर्नरखालीच असेल तर शेगडी चारही बाजूंनी कोंडू नये, कारण डबा तापून फुटू शकतो. काचेची उपकरणे गाडीच्या धक्क्यांत टिकत नाहीत, तेव्हा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर, ज्याच्या वरच्या सच्छिद्र भांड्यातील पुडीतून पाणी ठिबकत खाली अर्क साचतो, तोच सामानात शहाणपणाचा ठरतो; त्या अर्कात गरम दूध ओतल्यावर चिमूटभर जायफळ किसण्याची मराठी घरातली रीत कॉफीच्या दर्दींना खपत नाही, पण माचीवर त्यांना विचारतो कोण!