गिटारचा विटाळ

आमच्या सीमाभागात वर्षाकाठी किती मराठी साहित्य संमेलने भरतात, याचा हिशेब मांडला तर कोणाचीही छाती फुगेल. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी गावोगावी मांडव पडतात, ग्रंथदिंडी निघते, दिंडीपुढे लेझीम घुमते आणि 'मराठी टिकवायची कशी' हा प्रश्न दरवर्षी नव्या वक्त्याच्या तोंडून जुन्याच शब्दांत विचारला जातो. या मांडवांत मी पंचवीसेक वर्षे बसत आलो आहे. तिथे संगीतावर बोलणे निघालेच तर ते भजन, पोवाडा, नाट्यगीत आणि भावगीत या चार खोल्यांतच फिरते. पाचवी खोली आपण उघडत नाही. तिच्यात गिटार आहे, ड्रम आहे आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत 'धांगडधिंगा' आहे.

त्या खोलीला कुलूप घालून आपण मराठीचे नुकसान केले, एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते गोडगोड शब्दांत सांगायची माझी तयारी नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत 'बीट ग्रुप' म्हणून एक प्रकार होता. बीटल्सचे वारे लागलेली कॉलेजची पोरे दोन-तीन गिटार आणि एक ड्रमसेट घेऊन उभी राहत. द जेट्स, द सॅव्हेजेस, द कंबस्टिबल्स, वेल्वेट फॉग ही त्यांतली काही नावे. परदेशी वाद्य आणायचे तर आयातीवर निर्बंध. म्हणून कित्येकांनी इथेच काहीतरी जुळवून, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हाताशी धरून आपला आवाज मोठा केला. एका तंबाखू कंपनीने आपल्या सिगारेटच्या नावाने 'सिमला बीट' स्पर्धा भरवली आणि १९७० व १९७१ साली थेट शिलाँगपर्यंतच्या बँडांची गाणी घेऊन दोन तबकड्या काढल्या. (निपाणीकरांनी नोंद घ्यावी. आपल्या तंबाखूची विडी होते. गिटारींना पैसा मिळाला तो सिगारेटच्या तंबाखूचा. आपल्या वाट्याला नुसता ठसका.) पुढे त्याच तबकड्या परदेशातल्या कंपन्यांनी पुन्हा छापल्या. इकडे त्यांची आठवण त्या पोरांच्या मित्रमंडळींपुरती उरली.

"पण ते तर इंग्रजीत गात होते! त्यांचा आणि आपला संबंध काय?" असे विचारणारे सद्गृहस्थ मला आत्ताच दिसत आहेत. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे नंदू भेंडे.

आत्माराम भेंडे यांना आपण फार्सचे बादशहा म्हणून ओळखतो. त्यांचा हा मुलगा वेल्वेट फॉगमध्ये गात असे. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केले, त्यात तो ज्यूडास झाला. इथवरची गोष्ट दक्षिण मुंबईची, हे कबूल. पण १९७८ साली पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणला. ब्रेख्तच्या नाटकाचे मराठी रूप पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर नंदू भेंडेही होते आणि नायक अंकुशची भूमिकाही त्यांचीच. रॉक गाणारा गळा मराठी शब्द घेऊन, तमाशाच्या शेजारी, मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला. यातून एक वाट फुटायला हवी होती. मराठीत दहा बँड उभे राहायला हवे होते. आपण काय केले? पुलंची कोटी लक्षात ठेवली आणि तो आवाज विसरलो. ११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे गेले. त्या वर्षी आमच्याकडच्या संमेलनांत ज्या श्रद्धांजल्या माझ्या कानांवर पडल्या, त्यांत हे नाव नव्हते.

परका सूर म्हणून नाक मुरडायचे, तर मग सगळेच घर झाडून काढावे लागेल. हार्मोनियम कुठली? युरोपातली. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला दाराबाहेर उभे केले होते, आणि आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तर तिच्यावरच नाव कमावले. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. लोकांनी गुपचूप रेडिओ सिलोन लावला आणि १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी नाट्यपदांसाठी कानडी चालीही घेतल्या. १८८० च्या 'शाकुंतला'च्या वेळी 'शुद्ध मराठी सूर' मागणारी आमच्यासारखी मंडळी निवडसमितीवर असती, तर आज आपण कोणती नाट्यगीते गुणगुणत बसलो असतो?

शेजाऱ्यांकडे बघा. चोर्ला घाटाखाली उतरले की गोवा. तिथल्या क्रिस पेरींचा बँड आणि लॉर्नाचा आवाज यांनी साठ-सत्तरच्या दशकांत कोकणीला नाचायला लावले. मग लॉर्ना कित्येक वर्षे गप्प राहिली. १९९५ मध्ये ती पुन्हा गाऊ लागली तेव्हा लोक लोटले. पुढे तीच गाणी घेऊन 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट निघाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या बँडवाल्यांचे ऋण कोकणी माणसाने असे फेडले. आणि कन्नडमध्ये? शिशुनाळ शरीफ हा एकोणिसाव्या शतकातला संतकवी. रघू दीक्षित त्याची पदे गिटारवर गातो. २०११ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवातही तो गाऊन आला. हा पोरगा जन्मला आपल्या नाशिकमध्ये, वाढला म्हैसूरला. नाशकातच राहिला असता तर त्याच्या तुकोबा-गिटारला आपण काय म्हटले असते, ते लिहायला मला लाज वाटते.

आमच्या निपाणीकडे तरी काय वेगळे होते? ऐंशीच्या दशकात गणपतीत गल्लीच्या तोंडाला दोन ट्रॉल्या जोडून ऑर्केस्ट्रा उभा राही. शिंप्याचा पोरगा अ‍ॅकॉर्डियन वाजवी, विडी कारखान्यातला एकजण बोंगो, गिटार कोणाच्या तरी आतेभावाची मागून आणलेली. दोन हिंदी गाणी, एक मराठी आणि मग राजकुमारचे एक कन्नड, टाळ्या चारहींना. पुढे वरातींतून वेसावकर आणि मंडळींच्या कॅसेटी घुमल्या. त्या ऑर्केस्ट्रांतल्या एकाही पोराचा फोटो आमच्या दिवाळी अंकांत आल्याचे मी पाहिलेले नाही. संकेश्वर, चिकोडी, खानापूर, शहापूर, वडगाव इथे कुणाच्या माळ्यावर अशा कार्यक्रमाचे हँडबिल, कॅसेट, फोटो पडून असेल, तर ते वाळवीच्या आधी आमच्या हाती द्या. आमच्या शाळेत एक कपाट मी त्यासाठी रिकामे करून ठेवले आहे.

दुसरे कपाटही रिकामे होत चालले आहे, ते हजेरीपटांचे. मराठी माध्यमाच्या तुकड्या आटतात तेव्हा आपण इंग्रजी शाळांना आणि सरकारला दोष देतो. तो दोष आहेच. पण स्नेहसंमेलनात मराठी फक्त स्वागतगीतापुरती ठेवायची आणि पोरांना नाचायची वेळ आली की हिंदी नाहीतर कन्नड गाणे लावायचे, हे सरकारने सांगितले नव्हते. पोरांच्या अंगात येणारी मराठी आपण त्यांना दिलीच नाही.

यंदा नववीच्या चार मुलांनी आणि दोन मुलींनी तुकारामांचा एक अभंग गिटार, ढोलकी आणि उलट्या ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसवला आहे. एका पालकांनी मला लेखी कळवले की हा संतांचा अपमान आहे. पत्र फाइलला लावले आहे. स्नेहसंमेलन डिसेंबरात आहे. कार्यक्रमपत्रिकेत अभंग चौथ्या क्रमांकावर छापला आहे, आणि डबा जरा मोठा आणा, एवढेच मी पोरांना सांगितले आहे.