शनवार तेल्यांची साक्ष

‘भारतात ज्यूंचा छळ झाला नाही’, हे वाक्य आपल्याकडील व्याख्यानांत हमखास टाळ्या घेते. ते बव्हंशी खरे आहे. १५६० साली गोव्यात बसलेले पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय हा ठळक अपवाद. आमचा आक्षेप त्याला जोडून येणाऱ्या प्रश्नाला आहे : ज्यू दुधातील साखर झाले, मग मुसलमानांनाच ते का जमू नये? एका शेजाऱ्याची स्तुती दुसऱ्याला टोचण्यासाठी करावयाची, ही रीत आम्हांस अमान्य आहे.

ज्यांना साक्षीला उभे केले जाते, त्यांचे म्हणणे तरी ऐकावे. कोकणातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत उभारलेल्या प्रार्थनागृहाला त्यांचे लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. परंपरा सांगते, की टिपूच्या कैदेत असलेल्या दिवेकरांनी आपली जात ‘बेने इस्राएल’ अशी सांगितली, तेव्हा कुराणातील ते नाव ओळखून टिपूच्या आईने त्यांना वाचवले. कथा घडलेली असो वा रचलेली, ती जपली ज्यूंनीच. वैर जोपासणारा समाज अशी कथा जपत नाही. जंजिऱ्याच्या मुसलमान नबाबाच्या राज्यात १९व्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी इस्राएल हे कारभारी होते. मुंबईत ज्यूंनी काढलेल्या सर एली कदूरी शाळेत आज बहुसंख्य मुले मुसलमानांची आहेत.

कोणी म्हणेल, २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाउसमध्ये ज्यूंना हेरून मारले गेले. खरे आहे, त्या द्वेषावर पांघरूण घालणे हेही पापच. परंतु त्याच मुंबईतील मुसलमान संस्थेने त्या हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा नाकारली, हेही तितकेच खरे आहे. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले, ते शेजाऱ्यांच्या जाचाने नव्हे. तिकडे जाऊनही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले.

चिकोडीतील जुन्या मराठी घरांना याहून अधिक सांगावयास हवे काय? १ नोव्हेंबर १९५६ पासून अल्पसंख्य असणे म्हणजे काय, हे आपण अनुभवीत आहोत. उद्या कोणी म्हणाले, ‘इथले मारवाडी व्यापारी पाहा, कन्नड शिकून निमूट राहतात, मराठीच का कुरकुरतात?’, तर त्या स्तुतीतील काटा आपणांस तत्काळ कळेल. मग तोच काटा दुसऱ्याच्या पायात रुतताना आपली टाळी का वाजावी?