बारा वर्षांचे कॅप्टनसाहेब

तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले ते नम्रतेसाठी. आपण मागतो त्याचे कारण निराळे. घराचा हप्ता, कचेरीतला साहेब, गुडघेदुखी आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी यांतून सुटका व्हावी, आणि परीक्षेत नापास झालो तरी गरम पोळी वाढणारी आई पुन्हा मिळावी, एवढाच आपल्या मागण्यातला मतलब. दिवाळी आली, चकलीचा वास सुटला, की ही मागणी जरा जोर धरते. आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढलेला पन्नाशीचा गृहस्थ उतरताना कंबर धरतो आणि हटकून म्हणतो, "लहान होतो तेच बरे होते!"

पण वाचकहो, समजा, देवाने ऐकले. शरीर दिले बारा वर्षांचे आणि डोके ठेवले पन्नाशीचेच. मग कसे काय?

हा प्रश्न काही नवा नव्हे. एफ. अँस्टी नावाच्या इंग्रज लेखकाने १८८२ साली 'व्हाइस व्हर्सा' नावाची गमतीदार कादंबरी लिहिली. तीत बुल्टिट्यूड नावाचे एक पोक्त व्यापारी, वसतिगृहाच्या शाळेत परत निघालेल्या आपल्या मुलाला उपदेश करता करता, पुन्हा शाळकरी मुलगा होण्याची इच्छा बोलून जातात. त्या क्षणी त्यांच्या हातात गरुडाच्या नावाचा एक जादूचा खडा असतो, आणि तो आलेला असतो आपल्या हिंदुस्थानातून! झाले. वडील मुलाच्या रूपात शाळेत रवाना होतात आणि तिथल्या कडक हेडमास्तरांची छडी म्हणजे काय चीज आहे, ते त्यांना स्वतः कळते.

अँस्टीला खडा लागला. पुढे अमेरिकेतल्या टेलिव्हिजनवाल्यांना यंत्र मिळाले. 'स्टार ट्रेक' ही मालिका तिथे १९६६ साली सुरू झाली. 'एंटरप्राइज' नावाचे एक प्रचंड अंतराळयान, त्यावरची शेकडो माणसे, आणि ताऱ्याताऱ्यांमधून त्यांची भ्रमंती. त्या यानावर एक अजब खोली आहे. तिच्यातल्या चौथऱ्यावर उभे राहिले की माणसाचे कण कण सुटे होतात आणि दूरच्या ग्रहावर पुन्हा जोडले जातात. हे यंत्र सुचले कशामुळे, तर पैशाच्या अडचणीमुळे! दर आठवड्याला एवढे मोठे यान ग्रहावर उतरताना दाखवणे निर्मात्यांच्या खिशाला परवडेना. टंचाईतून काढलेली ही युक्ती पुढे इतकी गाजली की मालिकेची ओळखच होऊन बसली.

याच मालिकेची पुढची पिढी १९८७ पासून १९९४ पर्यंत चालली. तिचे कॅप्टन झां-लूक पिकार्ड. डोक्याला टक्कल, आवाजाला वजन, शिस्तीला करडे. पॅट्रिक स्ट्यूअर्ट या इंग्रज नटाने ही भूमिका अशी काही वठवली की घरात बसलेल्या प्रेक्षकानेही पाठ ताठ करावी. या कॅप्टनसाहेबांना लहान मुलांचे मात्र वावडे. मुलांसमोर आपल्याला अवघडल्यासारखे होते, अशी कबुली ते पहिल्याच भागात आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला, रायकरला देऊन ठेवतात. लेखकांनी ती कबुली लक्षात ठेवली आणि १९९२ साली 'रास्कल्स' नावाच्या भागात हिशेब चुकता केला.

आमच्या नातवाने हा भाग आपल्या संगणकावर लावून दिला. त्याच्या मते तो विनोदी आहे. आमच्या मते तो अर्धाच विनोदी आहे. का, ते सांगतो.

पिकार्डसाहेब आणि आणखी तिघीजणी एका छोट्या होडीवजा यानातून परत येत असतात. वाटेत कसल्याशा वादळात यान सापडते. त्यांना घाईघाईने त्या यंत्रातून खेचून घेतले जाते, आणि चौथऱ्यावर उभी राहतात चार मुले! वय बारा-तेरा. मोठ्या मापाचे कपडे अंगावर लोंबताहेत. डोकी मात्र पूर्वीचीच, आठवणी शाबूत, बुद्धी शाबूत. कॅप्टनसाहेबांना तर केसही परत मिळालेले. (बाल-पिकार्ड झालेल्या डेव्हिड बर्किन या मुलाने त्याच मालिकेत १९९० साली पिकार्डच्या पुतण्याचे काम केले होते. कुळ जमले म्हणायचे!)

आता गंमत पाहा. हा मुलगा तडक यानाच्या मुख्य कक्षात जातो आणि नेहमीच्या धारदार शब्दांत हुकूम सोडतो. हुकूम अगदी बरोबर असतो. पण ऐकणारे एकमेकांकडे बघतात. कुणी उद्धटपणा करत नाही. उलट सगळे फार प्रेमळ असतात, आणि तिथेच तर घात होतो. डॉक्टरीणबाई हळूच बाजूला घेऊन सांगतात, आज तुमच्या मेंदूत काही बिघाड दिसत नाही, पण उद्या होणार नाही कशावरून? साहेब समजतात. एक शब्द न वाढवता रायकरच्या हाती कारभार देतात. मग खोलीत बसून आता पुढे काय, याचा विचार. पुन्हा सैनिकी विद्यालयात नाव घालायचे? कोवळ्या पोरांच्या शेजारची खाट मिळवायची? सारा जन्म खर्चून चढलेला जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचा?

दुसरी कीको. लग्नाची बायको आणि एका चिमुरडीची आई. नवरा चांगला माणूस. पण बारा वर्षांची पोर जवळ येऊन बसली की तो बिचारा चोरासारखा होतो. आणि तिची स्वतःची लेक तिला आई मानायलाच तयार नाही. तिला तिची मोठी आई हवी! इतका वेळ हसणाऱ्या नातवाने इथे हसणे थांबवले, हे मी पाहिले.

तिसरी गायनन, शेकडो वर्षांची बाई. तिला या प्रकाराचे काहीच वाटत नाही. शरीर मिळालेच आहे तर पलंगावर उड्या मारून घेऊ, असा तिचा सरळ हिशेब. चौथी रो. तिचे खरे बालपण निर्वासितांच्या छावणीत गेलेले. तिला या वयाचे नावही नको. गायनन उड्या मारते आणि रो धुमसत बसते.

इतक्यात यानावर धाड पडते. फेरेंगी नावाची एक लोभी व्यापारी जमात यान बळकावते. मोठ्या माणसांना खालच्या ग्रहावर खाणीत राबायला पाठवते आणि मुलांना शाळेच्या वर्गात कोंडते. मुलेच ती, ती काय करणार?

इथे कॅप्टनसाहेबांचा कॅप्टनपणा जागा होतो. मुलांकडे कुणी लक्ष देत नाही, हा आतापर्यंतचा अपमान. तेच आता हत्यार होते. वर्गातल्या शिकवण्याच्या संगणकातून यानाचा ताबा मिळवता येईल, पण त्याची वाट रायकरने मोकळी करायला हवी. रायकरपर्यंत पोचायचे कसे? हा गंभीर, करारी माणूस फेरेंग्यांसमोर चक्क फतकल मारल्यासारखा हट्ट करतो. मला बाबा पाहिजेत! आत्ताच्या आत्ता पाहिजेत! पहारेकरी वैतागून त्याला रायकरसमोर उभा करतो. रायकरच्या गळ्यात पडून 'बाबा, बाबा' करता करता साहेब खरा निरोप पोचवतात. रायकर फेरेंग्याला अगम्य तांत्रिक शब्दांची गोळी देतो आणि त्याच्या नाकासमोर वर्गातल्या यंत्राचे कुलूप उघडतो. मोठ्यांना जिथे रांगणे जड जाईल अशा अरुंद बोळकांड्यांतून मुली सरपटत जातात, आणि खरी लहान मुलेही मदतीला येतात. बघता बघता यान परत मिळते.

माझे सांगणे एवढ्यापुरतेच आहे की, साहेब मोठे झाले आणि मग यान मिळाले, असे झालेले नाही. यान मिळवले ते चार फुटांच्या मुलाने. शरीर नंतर त्या यंत्राने परत दिले. तो कारागिरीचा भाग, दोन मिनिटांत उरकतो. मोठेपण त्या मुलाच्या अंगी पहिल्यापासून होतेच. कमी होती ती त्याचा शब्द उचलणाऱ्या कानांची. रायकरने कान दिला आणि काम झाले.

अठरा वर्षे आधी, १९७४ साली, जुन्या 'स्टार ट्रेक'च्या चित्रपटी म्हणजे कार्टून आवृत्तीच्या शेवटच्या भागात हीच गोष्ट उलट्या टोकाने सांगितली होती. ती मला अधिक आवडते. रॉबर्ट एप्रिल हे एंटरप्राइजचे पहिले कॅप्टन. वय पंचाहत्तर. निवृत्तीच्या समारंभाला ते पत्नीसह त्याच यानातून प्रवासी म्हणून निघालेले. पत्नी सारा त्या यानावरची पहिली डॉक्टर. वाटेत यान अशा विश्वात ओढले जाते की जिथे आकाश पांढरे, तारे काळे आणि काळ उलटा चालणारा. तिथे माणसे म्हातारी जन्मतात आणि तान्ही होऊन मरतात. साराबाईंच्या हातातले कोमेजलेले फूल पुन्हा उमलू लागते. यानावरचे तरुण अधिकारी भराभर लहान होतात, मुले होतात, कामे विसरतात. उरते कोण? तर सेवेतून मोकळे व्हायला निघालेला म्हातारा. तोच आता तरुण झालेला असतो. तो पुन्हा खुर्चीवर बसतो आणि सगळ्यांना घरी आणतो. यंत्र सर्वांना पूर्ववत करते. एप्रिल दांपत्याला तरुण राहण्याची मुभा असते. ती दोघे नको म्हणतात. जगलो ते छान जगलो, पुन्हा कशाला? आणि म्हाताऱ्याला सक्तीने घरी बसवण्याच्या नियमाचा वरचे लोक फेरविचार करू लागतात.

वाचकहो, आपल्या घरांत ना ते यंत्र आहे, ना उलटे विश्व. तरी मोठ्या माणसांची मुले होताना आपण रोज पाहतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त इंजिनिअर आहेत. हयातभर पूल बांधले. दोन वर्षांमागे न्हाणीघरात पाय घसरला. हाड जुळले, पण तेवढ्या अवधीत बँकेचे कार्ड मुलाकडे गेले, कपाटाची किल्ली सुनेकडे गेली, आणि दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या डोक्यावरून मुलाला विचारू लागले, "बाबा नीट जेवतात ना?" सगळे प्रेमाने, बरे का! प्रेमात कसूर नाही. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याने पोटगी मिळवता येते. 'बाबा, तुम्हांला काय वाटते?' हा प्रश्न कुठल्या कायद्याने मिळणार?

त्यांच्या इमारतीच्या पुनर्बांधणीची सभा होती. बिल्डरचा माणूस रंगीत नकाशे फिरवत होता. आमचे इंजिनिअर कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसलेले. त्यांच्याकडे नकाशा कुणी दिलाच नाही. मांडीवरच्या दहा वर्षांच्या नातीने तो ओढून घेतला. त्यांनी पाहिला आणि तिच्या कानात काही सांगितले. ती उठून म्हणाली, "काका, ही बाल्कनी तुम्ही दोनदा का मोजली?" आधी हशा पिकला. मग पेन्सिली निघाल्या, बेरजा झाल्या, आणि हशा थांबला. पुढच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांनी तोच प्रश्न मुलाला विचारला, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबांनाच विचारा ना."

आजोबा आणि नात, दोघांचेही कुणी ऐकत नव्हते. म्हणून तर त्यांची युती झाली. आपल्याकडे हे शहाणपण जुने आहे. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांनी चिमुकल्या मुक्ताबाईला गुरू केले, असे परंपरा सांगते. आणि पाडव्याला आपण ज्याची आठवण काढतो त्या बळीराजाने दारात आलेल्या बुटक्या बटूला 'कोण रे पोरा' म्हटले नाही. पाय धुतले, आसन दिले आणि काय हवे ते विचारले. त्याचे राज्य गेले खरे, पण ते परत यावे असे घरोघरी अजून म्हणतात. ज्याच्या दारी लहानालाही मान होता, त्याचे राज्य कुणाला नको असेल?

'रास्कल्स'च्या शेवटी सगळ्यांना आपापले वय परत मिळायची वेळ येते, तेव्हा ती धुमसणारी रो रंगीत खडू घेऊन चित्र काढत बसलेली असते. परत मोठे व्हायची तिला आता तेवढी घाई नसते. छावणीत हुकलेले चार क्षण तिला इथे मिळालेले असतात. तिला तेवढे बसू देतात, हे मला फार बरे वाटले.

तेव्हा यंदा फराळाचे ताट पुढे करताना घरातल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाला एकेक खराखुरा प्रश्न विचारा. 'लाडू हवा का?' हा नव्हे. नवे घर घ्यावे का, धाकट्याने कोणती शाखा घ्यावी, आजीला गावी कधी न्यावे, असला. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. थोरल्यांना जरा वेळ लागतो, आणि धाकटे आधी लाडू संपवतात. दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा!