कॅप राहून जाते

दिवाळी झाली की तानसा खोऱ्यातल्या पाड्यांवर बिऱ्हाडं बांधायला सुरुवात होते. कातकरी, ठाकूर कुटुंबं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दातांवर लिहायला बसलो आणि आधी हीच बिऱ्हाडं डोळ्यांपुढे आली. रूट कॅनल केलेली दाढ कॅपविना राहून जाते ती अशाच दिवसांत. ठणका थांबलेला असतो, भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, ‘कॅप बसवायला परत या.’ परत कधी यायचं?

हे भट्टीवर जाणाऱ्यांचंच नाही. डोळखांब, किन्हवलीकडच्या माणसाला शहापूर गाठायचं म्हणजे एक रोज बुडाला. मुरबाडला तर रेल्वेच नाही, सगळी भिस्त एसटीवर आणि वडापवर. पहिल्या खेपेला दुखणं ओढून आणतं. पुढच्या खेपांना ओढणारं काही नसतं.

आमच्या शेजारच्या काकूंची दाढ अशीच गेली. रूट कॅनल नीट झालं होतं. पुढे कधीतरी भाजलेले चिंचोके खाताना कट्कन आवाज झाला आणि दाढेचा अर्धा भाग हातात आला. चीर खाली मुळापर्यंत गेलेली, दाढ काढावीच लागली. ‘दुखत नव्हती रे, मग कशाला पैसे घालायचे?’ काकू म्हणाल्या. त्यांना दोष देता येत नाही. कॅप न घातल्यास काय होतं, हे त्यांना समजेल असं कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून इथे सांगतो. दाढ किडीनं आधीच पोखरलेली असते. सडलेली नस काढायला डॉक्टरांना वरून आणखी कोरावं लागतं. मग मसाला भरतात खरा, पण भोवती उरतात त्या पातळ भिंती. आपलं खाणं मऊ नाही. पावसाळ्यात खेकड्याच्या नांग्या दाढेखालीच फुटतात, आणि भाजलेले हरभरे, सुपारी वर्षभर चालू. असा जोर पडला की भिंती उभ्या चिरतात. कॅप दाढेला चारी बाजूंनी धरून ठेवते आणि जोर सगळ्या दाढेवर वाटून देते.

माझ्या दाढेवर कॅप बसली तेव्हा हे काम जवळून पाहिलं. दाढ सगळीकडून थोडी तासली, माप घेतलं, ते लॅबला गेलं. तोवर तात्पुरती कॅप. ती कच्च्या सिमेंटवर असते, त्या बाजूनं चिक्की, गूळ, च्युइंगम खायचं नाही. खरी कॅप आल्यावर डॉक्टरांनी दातांमध्ये निळ्या कार्बनचा कागद धरला आणि चावायला लावलं. जिथे निळा ठिपका गडद उमटला तिथे जरा घासलं, पुन्हा चावायला लावलं. माझा जबडा दमला, त्यांचा हात दमला नाही. केसाएवढी उंच राहिलेली कॅपसुद्धा पुढे ठणका लावते. तेव्हा ‘चालेल, चालेल’ म्हणून खुर्चीतून उठायची घाई करू नका. घरी गेल्यावर उंच वाटली तरी परत जाऊन घासून घ्या.

कॅप कसली घ्यायची, हा पुढचा प्रश्न. दातासारखी दिसणारी सिरॅमिकची किंवा झिरकोनियाची महाग पडते. मागच्या दाढेला पूर्ण धातूची कॅप उत्तम, असं माझं स्पष्ट मत आहे. ती मजबूत, स्वस्त, आणि तिच्यासाठी दाढ कमी तासावी लागते. मागची दाढ हसताना कोण बघतंय?

सगळ्यात मोठा गैरसमज पुढेच आहे: कॅप बसली की किडीची काळजी संपली. कॅपला कीड लागत नाही, हे खरं. पण कॅप आणि हिरडी जिथे भेटतात तिथे खालचा दात असतो, त्याला कीड लागते. नस काढलेली, त्यामुळे ती दुखून कळतही नाही. ब्रश मऊ घ्यायचा आणि नेमका त्या कडेवर फिरवायचा, रात्री झोपताना तर नक्कीच. दोन दातांच्या फटीत दोरा किंवा फटीचा छोटा ब्रश घालायचा. मशेरी मात्र सोडाच. जाळलेल्या तंबाखूची ती भरड पूड दातांच्या माना झिजवते, हिरड्या खाली सरकतात, कॅपची कड उघडी पडते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. कॅप निघालीच तर धुऊन डबीत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. घरच्या गोंदानं चिकटवू नका. नीट जपलेली कॅप दहा-पंधरा वर्षं सहज चालते.

पैशांचं म्हणाल तर मुंबईत स्वस्तात सोय आहे, आणि कसारा लोकल थेट सीएसएमटीला जाते. तिथून जवळच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं, 1933 पासूनचं नायर दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात कॅप बसते. खेपा मात्र होतात. 1892 पासून तानसाचं पाणी मुंबईला जातंय. त्या पाण्याच्या काठावरच्या माणसाला एका कॅपसाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागू नयेत, शहापूर-मुरबाडच्या सरकारी दवाखान्यांतच ती मिळावी, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

तोवर शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना आणि डॉक्टरांना एक विनंती. दातांची शिबिरं श्रावण-भाद्रपदात घ्या. तेव्हा लावणी उरकलेली असते, कापणी लांब असते आणि माणसं गावात असतात. तपासून, गोळ्या देऊन थांबू नका. ज्याचं रूट कॅनल कराल, त्याची कॅप भट्टीची गाडी यायच्या आत बसवून द्या.