घरीच शाळा, मग लेखनासाठी कोणता अभ्यासक्रम?

बुटीबोरी एमआयडीसीत नोकरीसाठी राज्या-राज्यांतून कुटुंबे येतात. बदली झाली की मुलाची शाळा, माध्यम आणि मंडळ असे सगळेच बदलते. त्यामुळे घरीच शिकवायचा विचार काही पालक करतात. गणिताचे उत्तर ताडून पाहता येते, पण मुलाने लिहिलेला परिच्छेद बरा की वाईट, हे कसे ठरवायचे? लेखनाचा अभ्यासक्रम निवडताना पालक अडतात ते इथेच.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयोगटासाठीच्या या कायद्यात घरशाळेची वेगळी व्यवस्था नाही. शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद मात्र आहे. म्हणजे नऊ-दहा वर्षांचे मूल उद्या शाळेत गेले, तर ते चौथी-पाचवीत बसेल. तेव्हा त्याला चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिता यायला हव्यात. घरचा अभ्यासक्रम निवडताना हा विचार आधी करावा.

विकतचा संच घ्यावा का?

ऑनलाइन मिळणारे बरेच संच इंग्रजीसाठी बनवलेले असतात. त्यांची पद्धत देवनागरीला जशीच्या तशी लागू होत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात ती नंतर येते. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी ऐकू येतो, पण रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो. काना, उकार, जोडाक्षरे यांचा सराव मराठी साहित्यातूनच व्हायला हवा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. सुरुवातीला तेवढी पुरतात.

एकाच नावाखाली तीन कामे

‘लेखन’ म्हणजे अक्षर वळवणे, शुद्ध लिहिणे आणि मनातले मांडणे. ही तीन वेगळी कौशल्ये आहेत आणि घरात गल्लत होते ती इथे. ऱ्हस्व-दीर्घ पक्के झाल्याशिवाय निबंध नको, असे म्हटले की मूल दोन-दोन वर्षे शुद्धलेखनाच्या ओळीच गिरवत राहते. पुढे स्वतःचे काही लिहायला सांगितले की त्याचा हात थांबतो.

बोलीचेही तसेच आहे. ‘आई स्वयंपाक करून राहिली’ हे नागपूरकडच्या घरात रोज बोलले जाणारे वाक्य आहे. मुलाने ते वहीत लिहिले, तर लगेच लाल रेघ मारू नये. ‘पुस्तकात हे कसे लिहितात?’ असे विचारून शेजारी ‘करत आहे’ लिहून घ्यावे. त्यामुळे प्रमाणभाषाही येते आणि मूल लिहिणे थांबवत नाही.

जवळचेच उदाहरण

बुटीबोरीवरून वर्ध्याकडे गेले की सेवाग्राम लागते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ पुढे आली. हाताने काम करत शिकणे हा तिचा गाभा. मुलाने आधी चित्र काढायला शिकावे, मग अक्षरे गिरवावीत, असे गांधीजींचे मत होते. घरशाळेत हे सहज जमते. कुंडीत मेथी पेरली तर रोज किती वाढली ते लिहायचे. किराण्याची यादी, आजीला पत्र, भाजीची कृती हेही लेखनच आहे. ते कुणीतरी वाचणार असते, म्हणून मूल नीट लिहिते.

निवडण्यापूर्वी पाहा

• रोज थोडे तरी स्वतःच्या शब्दांत लिहायला मिळते का, की फक्त रिकाम्या जागा भरायच्या?
• लिहिण्याआधी तोंडी सांगायला वाव आहे का?
• लिहिलेले पुन्हा सुधारून लिहायची सवय लागते का?
• घरातल्या कुणाला ते रोज शिकवायला झेपेल का?

परीक्षेचे काय?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते. त्यासाठी किमान वय १४ वर्षे आहे. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या देण्यासाठी १७ नंबरचा अर्ज आहे. मंडळाच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. त्यात पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध असे प्रकार येतात. घोकून ते जमत नाहीत. म्हणून कोणत्या मंडळाची परीक्षा द्यायची, हे बाराव्या वर्षापर्यंत ठरवलेले बरे.

महागडा संच घेण्यापेक्षा बालभारतीचे पुस्तक, रोजची अर्धा तास वही आणि ती वाचून मुलाशी बोलणारे घरातले माणूस, ही जोडी अधिक उपयोगी आहे. प्रत्येक पानावर तारीख टाकावी. तीन महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून पाहावे. वाक्ये वाढली नसतील, सांगण्यात स्पष्टता आली नसेल, तर मुलाला बोल न लावता पद्धत बदलावी.